जास्तीच्या सहा गोळ्या

राजीव घराबाहेर पडताना प्रत्येक वस्तू दोनदा घ्यायचा. दोन चार्जर, दोन चष्मे, गाडीच्या दोन किल्ल्या आणि आभाळ निरभ्र असलं तरी दोन छत्र्या. अमेरिकेत अल्फारेटातल्या एका कंपनीत त्याचं कामच ते होतं. कॉम्प्युटरची एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी लगेच उभी राहते की नाही, हे तो गेली एकोणीस वर्षं बघत होता. त्यामुळे नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात त्याने बायकोच्या, शैलजाच्या पिस्तुलासाठी दुसरं मॅगझिन आणलं, तेव्हा तिला फारसं नवल वाटलं नाही.

मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची चपटी लोखंडी डबी. तिच्यात सहा गोळ्या मावायच्या. एक डबी पिस्तुलात होतीच. ही जास्तीची.

"सहा संपल्या तर?" राजीव म्हणाला.

"सहा संपेपर्यंत मी उभी असेन का रे?" शैलजा फरसबी मोडत होती.

"नसशील तर प्रश्नच नाही. असशील तर?"

"तुझ्याशी बोलणं म्हणजे सरकारी फॉर्म भरणं आहे."

"नुसती ठेव. वजन किती आहे त्याचं? एका संत्र्याएवढं."

"मग संत्रंच दे, भूक लागली तर खाईन," ती म्हणाली. पण तो हसला नाही, तशी तिनेही मान हलवली. "ठेव पर्समध्ये. आणि तो विषय बंद कर."

त्याने ती डबी गॉगलच्या मऊ कापडी पिशवीत घातली, नाडी ओढली आणि पिशवी तिच्या मोठ्या काळ्या पर्सच्या तळाशी ठेवली. मोजपट्टी, बुटांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं, व्हिजिटिंग कार्डं आणि त्यानेच दिलेल्या दोन छत्र्या यांच्या खाली.

शैलजा घरं विकून द्यायची. म्हणजे दिवसभर अनोळखी माणसांना रिकामी घरं उघडून दाखवायची. दोन वर्षांपूर्वी असाच एक माणूस आला. तळघर दाखवायला ती पुढे उतरली, तो मागे. वर यायला वळली तर तो जिन्यात मधोमध उभा. त्याने हात लावला नाही, वाकडा शब्द बोलला नाही. फक्त बाजूला झाला नाही. मुलं किती, नवरा कुठे असतो, गाडी कुठली, असं हळू आवाजात विचारत राहिला. तळघरात फोन लागत नव्हता. अकरा मिनिटांनी गवत कापणाऱ्या माणसाने वर बेल वाजवली, तेव्हा तो तिचे आभार मानून निघून गेला. पोलिसांनी लिहून घेतलं की काही घडलं नाही. खरंच काही घडलं नव्हतं. पण पुढचे चार महिने शैलजा स्वतःच्या घराच्या तळघरातही एकटी उतरली नाही. वॉशिंग मशीन तिथेच होतं. कपडे राजीव धूत असे.

मग तिने पिस्तूल घेतलं. शिकवलं देवने. देव हा महाराष्ट्र मंडळातल्या दीपाचा मुलगा, इथेच जन्मलेला, एकोणतीस वर्षांचा, पिस्तूल चालवायला शिकवायचा. दीपा कुणालाही सांगताना 'देव इन्स्ट्रक्टर आहे' एवढंच सांगायची, आणि ऐकणारे योगाचा समजायचे. कामाच्या दिवशी पिस्तूल शैलजाच्या कमरेला, जॅकेटखाली असे. इतर वेळी कपाटातल्या छोट्या तिजोरीत. हा नियम तिने कधी मोडला नव्हता. पिस्तूल कमरेला असलं की उठता-बसता, वाकता, पट्टा बांधता त्याची आठवण राहते. ते विसरता येत नाही.

बुधवारी मात्र ती दुपारनंतर काम ठेवत नसे. बुधवार सियाचा.

सिया इलाची मुलगी, वय वर्षं दहा. इला आणि शैलजा एकाच रस्त्यावर, सात घरांच्या अंतराने राहायच्या. शैलजाचा मुलगा सिएटलला गेला त्या वर्षी इला पोळीचा डबा घेऊन आली आणि पुढे येतच राहिली. पाडव्याच्या कार्यक्रमासाठी शैलजा मंडळातल्या पाच मुलींना जात्यावरच्या ओव्या शिकवत होती. दर बुधवारी संध्याकाळी पाचला ती सियाला घ्यायची, सरावाच्या जागी पोचायला पंचवीस मिनिटं गाडी चालवायची आणि त्या पंचवीस मिनिटांत मागच्या सीटवरून सियाचा गळा हळूहळू उघडायचा. शैलजाच्या आजीला पन्नासेक ओव्या येत. शैलजाला त्यातल्या बारा आठवत. उरलेल्या ती त्याच चालीवर स्वतः रचायची आणि कुणाला सांगायची नाही.

"दारी आली सई बाई, तिला पाट द्या बसाया,
नाव-गाव मागाहून, आधी पाणी द्या गं प्याया."

"पण मावशी," सियाने एकदा विचारलं होतं, "नाव माहीत नसताना घरात कसं घ्यायचं? दॅट्स स्ट्रेंजर डेंजर."

"पूर्वी जाता-येता बायका थकायच्या गं."

"तरी. आधी दारावरच्या रिंग कॅमेऱ्यात बघायचं, मग पाणी."

शैलजा सिग्नलवर एकटीच हसत बसली होती. अशा बुधवारांवर तिचा अख्खा आठवडा तोलून धरलेला असे.

जानेवारीच्या अखेरच्या शनिवारी इलाकडे हळदीकुंकू होतं. शैलजा इरकल नेसली, पिस्तूल तिजोरीत आहे हे नेहमीसारखं हात लावून पाहिलं आणि पर्स उचलून चालतच गेली. दारात बुटांचा आणि चपलांचा ढीग. आतल्या खोलीत पलंगावर कोटांचा आणि पर्सांचा ढीग. इलाच्या घरची पद्धत अशी की वाण हातात द्यायचं नाही. दर वर्षी बायका गप्पांच्या नादात ते सोफ्यावर विसरून जातात, म्हणून सिया आत जाऊन प्रत्येकीच्या पर्समध्ये वाणाची चाळणी आणि ओटीच्या तांदळाची प्लास्टिकची पिशवी गुपचूप ठेवून येते. घरी गेल्यावर बाईला कळतं.

बाहेर अकरा जणी तिळगुळाच्या वड्या खात बसल्या होत्या. दीपा कुणाच्या तरी सुनेच्या केसांबद्दल बोलत होती. तेवढ्यात सिया आतून आली. एका हातात गॉगलची पिशवी, दुसऱ्या हातात ती काळी डबी. तोंडाशी पितळी गोळी चमकत होती.

"शैलजामावशी, तुझ्या पर्समध्ये जागाच नाही. आणि ही लिपस्टिक उघडत नाहीये. इट्स सो हेवी."

दीपाने ओळखलं. तिच्या घरी अशा डब्या असतात. तिचा हात वडीवरच थांबला. मग एकेकीने ओळखलं.

इला उठली. सियाच्या हातातून ती डबी तिने दोन बोटांनी घेतली, स्वयंपाकघरात नेऊन सगळ्यात वरच्या फडताळावर ठेवली आणि हात धुऊन परत आली. "कॉफी कुणाकुणाला?" म्हणाली. सगळ्यांनी घेतली. पंधरा मिनिटांत सगळ्या निघाल्या.

शैलजा मागे थांबली. इला कप विसळत होती.

"पिस्तूल घरी आहे," शैलजा म्हणाली. "तिजोरीत. मी इथे कधीच घेऊन येत नाही. ही डबी राजीवने ठेवली होती आणि मी विसरले."

"ताई, तू पिस्तूल बाळगतेस हे मला माहीत होतं. तळघराचं तू मलाच पहिल्यांदा सांगितलंस. मी कधी काही बोलले?"

"नाही."

"कधी ठेवली ही?"

"नव्या वर्षात."

इलाने नळ बंद केला. ती दुसरीच्या वर्गाला शिकवायची. "म्हणजे तीन बुधवार. पर्स कुठे असते गाडीत?"

शैलजाने विसळलेला कप उचलून पुसायला घेतला. पर्स मागे असायची. सियाच्या पायाशी. टिश्यू लागले तर सिया स्वतःच काढून घ्यायची.

"माझ्या वर्गातली पोरं दर दोन महिन्यांनी, शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून, दिवे बंद करून कपाटामागे बसायची प्रॅक्टिस करतात," इला म्हणाली. "सात वर्षांची आहेत. एकाला त्या दिवशी शिंक आली तर बाकीची त्याला रागावली, आता आपण सगळे मेलो म्हणून. मी ते बघून घरी येते, ताई. घरी तरी मला ते नको."

"नुसत्या डबीने काही होत नाही, इला. पिस्तुलाशिवाय ती..."

"मला माहितेय. तू विसरलीस, हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. बुधवार सध्या राहू दे. मी सोडीन सियाला."

तिने फडताळावरची डबी पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून दिली. पर्समध्ये ओटीची पिशवी ओढाताणीत फाटली होती. हळदीचे तांदूळ तळाशी सगळीकडे सांडले होते. शैलजाने त्यावरच डबी टाकली, नॅपकिन तिथेच सुटला, आणि सात घरं चालून ती घरी आली. रस्त्यात तिला कुणी भेटलं नाही, ते बरं झालं.

पुढच्या बुधवारी सिया इलाबरोबर आली, चाळीस मिनिटं गायली आणि इलाबरोबर गेली. बाकी मुलींसारखीच. शैलजा एकटी परतली. रेडिओ लावला, बंद केला.

"तू तिला नीट सांगितलंच नाहीस," राजीव म्हणाला. "चूक डबी ठेवण्याची नव्हती. ठेवण्याच्या जागेची होती. पट्ट्याला लावायचं छोटं पाकीट मिळतं. डाव्या बाजूला डबी, उजव्या बाजूला पिस्तूल. मग विसरायचा प्रश्नच नाही."

"तुला अजून ती हवीच आहे."

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला आणि आपण काहीतरी भलतंच बोललो असं वाटून डिशवॉशर लावायला उठला.

शनिवारी दोघं देवकडे गेले. लांबट शेड, कानांवर जाड आवरणं, पलीकडे कुणीतरी थांबून थांबून गोळ्या झाडत होतं. देवने सगळं ऐकून घेतलं. दीपाकडून त्याला आधीच कळलं होतं.

"आईने मला दोन तास लेक्चर दिलं, काकू. तुमच्या चुकीचं. मी तर तिथे नव्हतो पण."

"तू सांग," राजीव म्हणाला. "जास्तीचं मॅगझिन बाळगावं की नाही?"

"काका, सरळ उत्तर नाहीये. माझे अर्धे स्टुडंट बाळगतात, अर्धे नाही. आपल्यासारख्या साध्या माणसावर वेळ आली तर बहुतेकदा ती काही सेकंदांत संपते, बारा गोळ्यांची गरज पडत नाही. पण पिस्तुलात सगळ्यात आधी काय बिघडतं, तर मॅगझिनच. म्हणून लोक दुसरं ठेवतात. जास्त गोळ्यांसाठी नाही, पहिलं बिघडलं तर म्हणून."

"हेच," राजीव शैलजाकडे वळला. "हेच मी सांगतोय."

"आणलंय ते?" देवने हात पुढे केला.

त्याने अंगठ्याने एकेक गोळी बाहेर ढकलली. तिसऱ्या गोळीबरोबर काउंटरवर पिवळा तांदूळ पडला. मग आणखी दोन. देवने डबी उलटी करून आपटली. चार, पाच.

"काकू, ह्या अक्षता आहेत?"

"ओटीचे तांदूळ."

"नाइस." तो हसला नाही. तळाशी अजून काही दाणे अडकले होते. ते तसेच ठेवून त्याने डबीत प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या भरल्या, डबी पिस्तुलात सरकवली आणि हाताने वरचा भाग मागे-पुढे ओढायला लागला. पहिली खोटी गोळी आली, बाहेर पडली. दुसरी आली. तिसरी वर यायलाच तयार नाही, तिरकी होऊन अडकून बसली. खालची स्प्रिंग तिला ढकलत होती आणि मधे एक दाणा होता.

राजीव ती तिरकी गोळी बराच वेळ बघत राहिला. ऑफिसात नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी बजावायचा, तपासून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच. इथे त्याने ती डबी एकदाही पिस्तुलात घालून पाहिली नव्हती. बायकोच्या पर्समध्ये छत्रीखाली ठेवून दिली होती आणि महिनाभर शांत झोपला होता.

"साफ केली की चालेल ती," देव म्हणाला. "पट्ट्याला लावा, दर महिन्याला इथे तपासा. बाळगायची तर तशी. नाहीतर नको. पर्समध्ये तर मुळीच नको."

गाडीत बसल्यावर राजीवने किल्ली फिरवली नाही.

"पाकीट घेऊया पट्ट्याचं?" त्याने विचारलं. आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"नको."

"शैलजा..."

"ऐक. त्या दिवशी तळघरात मला काय हवं होतं सांगू? दार. गोळ्या सहा का बारा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तो जिन्यात होता आणि दुसरं दार नव्हतं. तेव्हापासून मी काय करते, तू कधी विचारलंस? घरात शिरल्या शिरल्या मागचं दार उघडून ठेवते. माणसाला पुढे घालते. तळघराच्या तोंडाशी उभी राहून सांगते, बघून या. ऑफिसातल्या नेत्राला दर अर्ध्या तासाने मेसेज जातो, नाही गेला तर ती फोन करते. दोन वर्षं झाली, हे सगळं मी रोज करते आणि रोज मला आठवतं. पिस्तूल आठवतं. ती डबी मात्र मी तीन आठवड्यांत विसरले. कारण ती माझी नव्हतीच, राजीव. ती तुझ्या भीतीची होती."

त्याने किल्ली काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "तुला उशीर झाला की मी फोनवरचा तुझा निळा ठिपका बघत बसतो. मीटिंगमध्येसुद्धा. ठिपका एकाच घरावर वीस मिनिटांच्या वर थांबला की मला पुढचं ऐकू येत नाही."

"हे कधी बोलला नाहीस."

"काय बोलणार? बघतो, एवढंच."

"बघत जा. मला बरं वाटेल." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "पण डबी परत करून टाक."

त्याने ती परत केली नाही, आत जाऊन देवकडे ठेवून आला. येताना म्हणाला, "देव म्हणतो, कधीही बदललं मन तर आहे इथे."

"तू दोन्हीकडून पक्कं केल्याशिवाय राहायचा नाहीस."

रविवारी सकाळी शैलजा इलाकडे गेली. हातात काही नव्हतं, पर्ससुद्धा नाही. ओट्याला टेकून तिने सांगितलं. पर्स सियाच्या पायाशी असायची. टिश्यूसाठी सिया तिच्यात हात घालायची. तिन्ही बुधवारी. डबी देवकडे गेली. पिस्तूल मात्र जाणार नाही, कामावर असताना ते कमरेला राहील.

"हे शेवटचं नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," इला म्हणाली.

"तुला कळलं असतं कधीतरी."

इलाने मळता मळता कणकेचा गोळा उलटा केला. "तू ते टाकून द्यावंस असं मला वाटतं. तू टाकणार नाहीस, ठीक आहे. तळघरात मी नव्हते." तिने पाण्याचा हबका मारला. "मग असं करू. बुधवारी तू दारात आलीस की मी विचारणार, आहे का. दर वेळी. तुला राग आला तरी. आणि तू खरं सांगायचं. इथे एखाद्या मुलाच्या घरी खेळायला पाठवताना मी त्याच्या आईला हेच विचारते. तुला कधी विचारलं नव्हतं, कारण तू ताई होतीस."

"आता नाही का?"

"आहेस. पण विचारणार."

पहिल्या बुधवारी इलाने विचारलं, आहे का. शैलजा नाही म्हणाली. सिया धावत येऊन गाडीत बसली आणि पंचवीस मिनिटं गायली. दुसऱ्या बुधवारीही तसंच. सियाने त्या दोन आठवड्यांत एकदाच विषय काढला. "आईने सांगितलं मला, ती लिपस्टिक नव्हती," म्हणाली, आणि पुढची ओळ विचारली.

तिसऱ्या बुधवारी शैलजाचं काम लांबलं. बाळ आडनावाचे एक निवृत्त गृहस्थ मुलासाठी घर बघायला आले होते. त्यांनी प्रत्येक नळ सोडून पाहिला, प्रत्येक खिडकी दोनदा उघडली आणि देवघर कुठे करता येईल यावर अर्धा तास घेतला. शैलजा तिथून निघाली तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती. सिया आधीच अर्धा तास दारात थांबणार, तिकडे चार मुली खोळंबणार, त्यात घरी उतरून तिजोरीत पिस्तूल ठेवायचं तर आणखी दहा मिनिटं. वाटेत एका दुकानाच्या पार्किंगमध्ये तिने पिस्तूल कमरेचं काढलं, गाडीच्या डिकीतल्या लोखंडी पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवून कुडत्यात टाकली. पेटीवर कांबळं घातलं. कुणाला दिसणार नव्हतं. सिया मागच्या सीटवर, पेटी डिकीत, मधे कुलूप. नाही म्हणणं फार खोटंही झालं नसतं. अंगावर ते खरंच नव्हतं.

इला दारातच होती. पलीकडे सिया बुटांच्या नाड्या बांधत, चाल गुणगुणत होती.

"आहे का?" इलाने विचारलं.

शैलजाने सियाकडे पाहिलं. मग इलाकडे.

"आहे. डिकीत. पेटीला कुलूप आहे. घरी जायला वेळ झाला नाही."

इला दारातून वळली. आत जाऊन स्वतःच्या गाडीची किल्ली घेऊन आली.

"सिया, आज माझ्या गाडीत बस."

"का? मला मावशीबरोबर नवी ओवी..."

"आज माझ्याबरोबर." मग इला शैलजाजवळ आली, आणि बोलताना तिने शैलजाच्या खांद्यावरून घसरलेली ओढणी नीट केली. "पुढच्या बुधवारी वेळेवर नीघ, ताई. तिला तुझ्याच गाडीत आवडतं."

सिया इलाच्या गाडीत मागे बसली. शैलजा त्यांच्या मागून निघाली. उताराला लागल्यावर समोरच्या गाडीच्या मागच्या काचेत सियाचं तोंड हलताना दिसत होतं. काय गात होती ते ऐकू येत नव्हतं. शैलजाने अंतर राखलं आणि पुढच्या सिग्नलला इला थांबली तिथे थांबली.